चार नंबरचं कुलूप

बसा असे जवळ. मनवा, तो मोबाईल पालथा ठेव, उजेडाला किडे येतात. लाईट यायची तेव्हा येईल.

गंधार, तुला उद्या बेटावरच्या पवनचक्क्या बघायच्या आहेत ना? बघ की. गहिनीनाथला सांगून ठेवलंय, तो होडीतून नेईल, पार आतल्या शिडीपर्यंत दाखवील. फक्त एक कर. चार नंबरच्या पंख्यापाशी तो जरा वेळ गप्प उभा राहिला तर का म्हणून विचारू नकोस. पुण्याच्या पोरांना सगळं विचारायची खोड असते.

भुतं असतात की नाही, मला माहीत नाही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यात तो धडा नव्हता. आणि ही गोष्ट माझी नाही, गहिनीनाथची आहे. गहिनीनाथ माझा विद्यार्थी. दहावीला भूमितीने त्याला रडवलं होतं. खोटं बोलायला थोडी कल्पनाशक्ती लागते, ती देवाने त्याला दिलीच नाही. तेव्हा तो सांगतो ते तसंच घडलं असणार, एवढं मी धरून चालतो. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

तारीख सांगतो. २ ऑक्टोबर २०२४, बुधवार. त्या वर्षी गांधी जयंती आणि सर्वपित्री अमावास्या एकाच दिवशी आली होती. आमच्याकडे सकाळी झेंड्यापाशी भाषण आणि दुपारी वडे, खीर, गवारीची भाजी असा तो दिवस गेला. गहिनीनाथला मात्र सुट्टी नव्हती. काम साधंच होतं. सुप्याहून कुलूप तोडायचं कटर आणलं होतं, चांगलं हातभर लांब दांड्यांचं. ते संध्याकाळी बेटावर नेऊन ठेवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे साहेब यायचे होते आणि त्यांच्यासमोर एक कुलूप तोडायचं होतं.

आता हे बेट काय आणि कुलूप कुणाचं, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आपल्या पारनेर तालुक्याच्या कडेला धरणाचा फुगवटा आहे. त्यात एक टेकडी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका अंगाने जमीन उघडी पडते आणि ट्रक थेट वर जातो. पावसाळ्यात धरण भरलं की चारी बाजूंनी पाणी, मग होडीशिवाय वाट नाही. नकाशात ती टेकडीच आहे, पण काठावरचं गाव तिला बेट म्हणतं. तिच्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत. गहिनीनाथ आणि त्याचा जोडीदार सुनील, दोघं तिथे देखभालीच्या कामाला होते. काठावरच्या त्याच गावचे, एका वर्गातले, दोघांचीही शेती थोडी आणि तीही वरच्या पावसावर.

पंख्याचा मनोरा आतून पोकळ असतो. खाली लहानसं लोखंडी दार, आत सरळ उभी शिडी. वर चढायच्या आधी खाली पंख्याचा दांडा ओढून तो बंद करायचा आणि त्या दांड्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, किल्ली एकच आणि ती त्याच्याच खिशात. कारण उघड आहे. तुम्ही वर काम करताय आणि खाली कुणी दांडा उलटा ओढून पंखा सुरू केला, तर हाडंसुद्धा गोळा करता यायची नाहीत. म्हणून नियम असा की कुलूप ज्याचं, काढायचं त्यानेच. कुलूप आहे म्हणजे माणूस वर आहे. काम अर्धं राहिलं आणि उद्या पुन्हा चढायचं असलं, तर कुलूप रात्रभर तसंच ठेवायचं.

आपल्या पोरांनी त्यात स्वतःचा एक रिवाज घातला होता. कुलूप निघालं तरी पंखा सुरू करायच्या आधी दारात उभं राहून वर तीन हाका मारायच्या, नाव घेऊन. वरून ओ आली नाही, तरच दांडा ओढायचा.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी सुनील चार नंबरवर चढला होता. गहिनीनाथ त्या दिवशी मिरजगावला, बहिणीकडे. काम अर्धं राहिलं असावं, कारण कुलूप दांड्याला तसंच होतं. संध्याकाळी वावधान सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात पालथी सापडली. सुनील सापडला नाही. गळ टाकले, पाणबुडे आणले, दोन्ही काठ पालथे घातले. धरण भरलेलं, तळाला गाळ आणि बुडालेल्या बाभळी. किल्ली त्याच्या खिशात होती. ती त्याच्याबरोबर गेली.

त्याला होडीत बसताना कुणी पाहिलं नव्हतं. सगळा घोळ तिथे झाला.

सुनीलची आई मनकर्णाबाई. घर अगदी काठावर, ओट्यावरून सगळे पंखे दिसतात. बाकीचे फिरायचे, चार नंबर उभा. आणि नियम तिला पाठ होता, लेकानेच शिकवलेला. ती एकच म्हणायची, कुलूप हाय तवर मानूस वर हाय. अंत्यविधी करू देईना, दहावा करू देईना. नुसती ओट्यावर बसायची आणि तिकडे बघत राहायची. रात्री घरात निजायला जाणंही तिने सोडलं होतं. घरात सून, ज्ञानेश्वरी, लग्नाला दोन वर्षं झालेली. ती पोर सवाष्ण की विधवा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेजारणी हळदीकुंकवाला बोलावताना दारापर्यंत यायच्या आणि काहीतरी दुसरंच बोलून परत जायच्या.

कंपनीने महिनाभर वाट पाहिली. पोरं कुलपाला हात लावायला तयार नव्हती. शेवटी वरून सांगितलं, गुरुवारी तोडा.

तर तो बुधवार. कटर खांद्यावर टाकून गहिनीनाथ होडीकडे निघाला. वाटेत मनकर्णाबाईंचं घर. गुपचूप पुढे जाता आलं असतं, पण त्याला ते जमलं नाही. तो ओट्यावर टेकला, तांब्याभर पाणी प्यायला, आणि म्हणाला, "मावशी, उद्या कुलूप तोडायचंय. सायेब येनारेत."

"कोन तोडनार?"

"मीच."

"आन मग?"

"मग पंखा चालू."

"मानूस वर आसताना?"

"मावशी, वर कोन न्हाई. मी सोता चढून बघितलंय. लई येळा बघितलंय."

"कुलूप कुनाचं हाय?"

"सुनीलचं."

"काढलं का त्यानं?"

  मनकर्णाबाई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तोडू नको म्हनत न्हाई मी. तुला तुजी नोकरी हाय. पन तसंच तोडून पंखा फिरवलास तर माजं लेकरू जल्मभर वरच राहील. त्याला उतरायला वाट न्हाई राहायची. आधी मला ने. तुमी हाका मारता ना दारातून? तुमच्या हाकंला तो आला न्हाई. माज्या येईल."

"आत्ता? अमुश्या हाय, मावशी. अंधार पडाया लागला."

तेवढ्यात दाराआडून ज्ञानेश्वरी बोलली. "न्या त्यांना, भाऊजी. एकदाचं काय ते होऊ द्या. मला आता सोसत न्हाई."

एवढंच बोलली आणि आत गेली. थोड्या वेळाने पत्रावळीवर वाढून, वर दुसरी पत्रावळ झाकून, फडक्यात बांधून घेऊन आली. दुपारी सासऱ्याच्या नावाने पान वाढलं होतं, नवऱ्याच्या नावाने वाढायला सासूची परवानगी नव्हती. ते तिने आत्ता वाढलं. मनकर्णाबाईंनी गाठोडं घेतलं. हे कुणासाठी म्हणून त्यांनी विचारलं नाही.

होडीत बसले तेव्हा सात वाजून गेले होते. चंद्र नाहीच. पाणी काळं आणि सपाट. समोर पंख्यांवरचे लाल दिवे लुकलुकत होते, मधला एक तेवढा विझलेला. वारा बेताचा होता, पंखे संथ फिरत होते. एरवी ती बाई गहिनीनाथशी घरचं काहीबाही बोलायची. त्या रात्री तिने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मांडीवर गाठोडं आणि नजर वर.

बेटावरचा रखवालदार पितरांचं जेवायला घरी गेला होता. म्हणजे वर कुणीच नाही. दोघं चढणीची पायवाट धरून चार नंबरपाशी आले. गहिनीनाथने दार उघडलं आणि बॅटरी आत धरली. दांडा होता. कुलूप होतं. लाल रंगाचं, त्यावर पांढऱ्या अक्षरात सुनीलचं नाव. मनकर्णाबाईंनी ते हातात घेतलं, कुरवाळलं. महिनाभर लांबून नुसता उभा पंखा बघितला होता, कुलूप त्या पहिल्यांदा बघत होत्या.

मग त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत गेल्या, आणि शिडीखाली उभ्या राहिल्या. मान वर केली. वर नुसता अंधार.

"तू भाईर थांब," त्या म्हणाल्या. गहिनीनाथ बाहेरच्या पायरीवर थांबला.

"सुनील..."

मनोऱ्यात आवाज घुमत वर गेला. खूप वर गेला. परत आला नाही, असं गहिनीनाथ सांगतो. एरवी तिथे शिंकलं तरी दोनदा ऐकू येतं.

"सुनील... मी हाय रं."

काही नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाहेरचा आवाज बंद झालाय. पंखे फिरताना एक हुंकार असतो, एकसारखा. आपल्याला तो नसला की कळतो. त्याने मागे वळून पाहिलं. सगळे पंखे थांबले होते. वारा पडला होता. गवताचं पातं हलत नव्हतं.

"सुनील, बाळा... उतर आता."

बराच वेळ गेला.

मग वर, पार वर... खट्.

आता लोखंड दिवसभर तापतं आणि रात्री थंडावताना वाजतं. हे मलाही माहीत आहे आणि गहिनीनाथलाही. तो पोरगा रोज तिथे काम करतो. त्याने स्वतःला तेच सांगितलं.

खट्... ठण्.

पुन्हा. खट्... ठण्.

कमरेच्या पट्ट्याला दोन हुक असतात. शिडी उतरताना एक अडकवायचा, दुसरा सोडायचा. मग पाय खाली. अडकवायचा, सोडायचा, पाय. तो आवाज गहिनीनाथ ओळखत होता. अनेक वर्षं त्याने तो खालून ऐकला होता. सुनील उतरायचा तेव्हा. सावकाश उतरायचा सुनील, घाई नसायची.

खट्... ठण्.

जवळ येत होता.

गहिनीनाथच्या हातातली बॅटरी आपोआप वर गेली. आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला, अगदी शांत.

"बॅटरी बंद कर. त्याच्या डोळ्यावर येईल."

त्याने बंद केली. का केली, त्याला सांगता येत नाही.  पळावंसं वाटत होतं आणि पळवत नव्हतं. ती बाई आत एकटी होती.

खट्...

दुसरा आवाज आला नाही.

कुणीतरी शिडीच्या खालच्या पायरीवर थांबलं होतं. श्वास नव्हता. पण ओल्या कपड्यातून पाणी ठिबकतं ना, तसं. टप्... टप्... लोखंडावर.

"आलास," मनकर्णाबाई म्हणाल्या.

...

"व्हय. जेवले मी. तू...?"

...

"न्हाई रं. तिचं नको काळजी करूस. ल्हान हाय अजून. मी बघते तिचं. लेकीवानी देते तिला चांगल्या घरी... व्हय... शब्द देते."

...

 गहिनीनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलत नव्हता. भीती कधीच संपली होती, असं तो म्हणतो. त्याला आत जावंसं वाटत होतं. एकदा तरी हाक मारावी, मित्रा म्हणावं. पण बोलावणं आईचं होतं. आपण मधे पडू नये, असं वाटलं.

मग आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला. त्या रात्रीत पहिल्यांदाच तो फुटला होता.

"असू दे... असू दे..."

एवढंच. 

दारातून गार असं काहीतरी गहिनीनाथच्या जवळून गेलं. गाळाचा वास आला, धरणाच्या तळाचा. गवत दुभागलं. उताराच्या बाजूला, पाण्याकडे. पाऊल वाजलं नाही. आणि मग खालून वारा आला, एकदम, सगळ्या बेटावरून. पंखे हलले. हुंकार सुरू झाला.

मनकर्णाबाई बाहेर आल्या. चपला न घालताच पायरीवर बसल्या.

"तोड आता," म्हणाल्या. "उतरला तो."

गहिनीनाथने अंधारातच कटर लावलं आणि दाबलं. कुलूप तुटून पडलं. ते त्याने उचललं नाही. साहेब सकाळी येऊन बघतील तर बघोत, म्हणाला. दांडा मात्र त्याने ओढला नाही, ते काम दुसऱ्या दिवसावर ठेवलं. एवढ्या लवकर पंखा फिरवायला मन होईना.

परतताना होडी पाण्याच्या मध्यावर आली, तेव्हा मनकर्णाबाईंनी हाताने खूण केली. त्याने होडीचं मशीन बंद केलं. त्यांनी फडकं सोडलं, वरची पत्रावळ काढली आणि वाढलेलं पान दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं. ते थोडं तरंगलं. मग एका बाजूने कलंडलं आणि गेलं. महिनाभर ज्या बाईने लेक पाण्यात आहे हे ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं, तिने आपल्या हाताने त्याचं जेवण पाण्याला दिलं. त्यानंतर त्या रडल्या. गहिनीनाथ म्हणतो, गुरुजी, तसं रडणं मी पुन्हा ऐकलं न्हाई आन ऐकू पन नये. पदर तोंडात कोंबून नाही, मोकळ्या गळ्याने. सगळ्या फुगवट्यावरून तो आवाज गेला असेल. त्याने होडी तशीच सोडून दिली होती, वारा नेईल तिकडे. रडून होईपर्यंत त्याने मशीन लावलं नाही.

मी तुम्हाला भिववायला सांगतोय असं समजू नका. मला स्वतःला ही गोष्ट सांगताना भीती वाटत नाही. वाईट वाटतं. पोटचं पोर गेलं हे ऐकणं वेगळं आणि त्याला आपल्या तोंडाने जा म्हणणं वेगळं. किती आयांना ते करावं लागत असेल, देव जाणे.

काठाला गुडघाभर पाण्यात उतरून दोघं घरी आले. मनकर्णाबाई अनवाणीच होत्या, चपला बेटावर राहिल्या होत्या. ज्ञानेश्वरी कंदील घेऊन दारात उभी होती. तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं.  मयताहून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालतात, तसं घालायला ती तांब्या घेऊन खाली वाकली. कंदील जवळ ठेवला. पाणी ओतलं.

आणि हात तसाच राहिला.

मनकर्णाबाईंच्या दोन्ही पावलांवर काळे डाग होते. ग्रीसचे. पंख्याच्या वरच्या खोलीत दातेरी चाकांना लावतात ते घट्ट ग्रीस. खाली दारापाशी ते नसतं. मनकर्णाबाई शिडीच्या एकाही पायरीवर चढल्या नव्हत्या. गहिनीनाथने कंदिलाशी आपले तळवे धरून पाहिले. स्वच्छ होते. आणि नुकतेच ते गुडघाभर पाण्यातून चालत आले होते.

डाग बोटांचे होते. मोठ्या पुरुषी बोटांचे. समोरून वाकून दोन्ही पावलांवर टेकवलेले.

ज्ञानेश्वरीने तांब्या खाली ठेवला. आपली बोटं त्या डागांवर ठेवून पाहिली, एकेक करून. तिची बोटं लहान पडली. मग पदराचं टोक ओलं करून ती डाग पुसायला लागली, तशा मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या,

"राहू दे, बाई. घासू नको."